सोबतीचा खर्च

जीप थेट त्या घराच्या दारात उभी केली, हा माझा पहिला मूर्खपणा. दुसरा म्हणजे सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडले, "कोणी हलायचं नाही!" खांद्यावरचे दोन स्टार नवे होते ना!

तेव्हा मी सिंदी रेल्वेला फौजदार होते. ठाण्यात निनावी अर्ज आला. कापसाच्या एका विधुर व्यापाऱ्याकडे रोज दुपारी एक बाई येते, दोन तास थांबते, पैसे घेऊन जाते. झालं होतं असं, की व्यापाऱ्यानं टॅक्सवाल्या वकिलाला 'सोबतीचा खर्च' उत्पन्नातून वजा करायला सांगितलं. वकिलाचा कारकून हसला आणि गावभर सांगत सुटला. अर्जाची आधी गुपचूप खातरजमा करायची असते. मी डायरीत नोंद केली, दोन पंच उचलले आणि निघाले.

आत म्हातारा खाटेवर, बाई खुर्चीवर, मध्ये तुरीच्या शेंगांची टोपली. दोघांना वेगळं बसवलं.

"इथं काय काम करतेस?" मी बाईला दरडावलं.

"बसाचं न् बोलाचं जी. काकू गेल्यापासून यायले घर खाऊन राह्यलं. म्हने, काकू रागवे तशी रागवत जाय."

"आज कशावरून रागावलीस?"

"बीपीची गोळी खाल्ली नाई, लपवली."

तोच प्रश्न आतल्या खोलीत म्हाताऱ्याला विचारला. त्यानं खाली मान घालून सदऱ्याच्या खिशातून गोळी काढून दिली. माझ्या धाडीतला एकुलता एक मुद्देमाल! वर मलाच म्हणाला, "मॅडम, गोदामातल्या उंदरायसाठी मांजर पाळली, तिच्या दुधाचा खर्च चालते. मी येडा होऊ नये म्हून बाई ठेवली, त चालत नाई. काऊन?"

मी पुढच्या खोलीत आले. पंच खिदळत होते. बाहेर गर्दी जमली होती. बाईनं खिडकीतून ती पाहिली आणि खिडकी लावून घेतली. "रविवारी पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले, मॅडम. आता कोन येईन?"

तपास तिथं संपला आणि माझी शिक्षा सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी मी साडी नेसून, पायी, त्या घरी गेले. दार सताड उघडं ठेवून आम्ही तिघं ओसरीवर शेंगा सोलायचो. येणारे-जाणारे थांबून पाहायचे. मला शेंगा नीट सोलता येत नाहीत म्हणून बाई माझ्यावरही खेकसायची. रविवारी पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बशा मीच फिरवल्या. सोयरीक जमली.

पुढं बऱ्याच धाडी घातल्या, पण खातरजमा केल्याशिवाय जीप कोणाच्या दारात नेली नाही. एकटेपणाला आमच्याकडे कलम नव्हतं आणि टॅक्सवाल्यांकडे रकाना. अजूनही नाही. परवा नात माझ्या पेन्शनचा टॅक्सचा फॉर्म भरत होती, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "सोबतीचा खर्च कुठं टाकायचा गं?" ती म्हणाली, "आजी, गप बस." हे घर दुपारी फार शांत असतं. मग त्या बाईची आठवण येते. माझी बदली झाली तेव्हा ती ठाण्यात पेढे घेऊन आली होती. जाता जाता दारातून वळून म्हणाली, "मॅडम, म्हाताऱ्या झाल्या, एकट्या पडल्या, त मले बोलावजा. पन तुमच्यापाशी बसाचे दुप्पट घेईन. तुम्ही लय सवाल इचारता."