दार लावून लिहिलेली घटना

दोघांनी माझ्या लेकीची शिलाई मशीन उचलली आणि विहाराच्या खोलीतून बाहेर आणून लिंबाखाली ठेवली. सुईत दोरा तसाच होता. सुईखाली कुणाच्या तरी झंपराची अर्धी शिवलेली बाही अडकलेली होती. लेक पायरीवर उभी, कडेवर तिची पोरगी. ती त्या बाहीकडं बघत होती. मी बोलले.

"कुणाच्या हुकमानं काढायलाव?"

विहाराच्या मंडळाचा अध्यक्ष माझा चुलत दीर. तो म्हणाला, "वैनी, हुकूम कुणाचा न्हाई. आपल्या मंडळाच्या घटनेतला सहावा नियम हाय. खोली सभासदांसाठी. तुमची पोरगी सभासद न्हाई."

"कामून न्हाई? हितंच जन्मली ती."

"जन्मली. पण लगीन होऊन उदगीरला गेली. सभासद म्हंजे वस्तीतला गडी, न्हाई तर त्याची बायको, न्हाई तर त्याची इधवा. ही कशातच बसत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खाली तुमचीबी सही हाय की."

सही होती. माझ्या हातची. आणि सहीच्या वरचा सगळा कागद माझ्या मालकाच्या, लेकीच्या बापाच्या हातचा.

लेक नवऱ्याला सोडून आली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. लोक म्हणत, टाकून दिली. टाकून दिली नाही, ती निघून आली. आमच्या दोन खणांच्या घरात मशीन मावत नव्हती, म्हणून विहाराच्या बाजूच्या खोलीत ठेवली होती. तिच्यावर ती आणि तिची पोरगी जगत होत्या. एवढीच गोष्ट होती.

तो विहार आम्ही बायकांनी बांधला असं मी म्हणत नाही, गवंडी पुरुषच होते. पण पाणी आम्ही वाहिलं. ओढ्यापासून डोक्यावर हंडे, दिवसभर शेतात खुरपून आल्यावर. माझी जाऊ पुढं, मी मागं. तिची चाल वाकडी, तिच्या हंड्यातलं पाणी माझ्या तोंडावर उडायचं आणि मी तिला शिव्या द्यायची. ती म्हणायची, "अक्का, फुकट आंघोळ व्हायलीय तर कामून वरडायलीस?" विटा ओल्या राहाव्यात म्हणून आम्ही त्यांच्यावर गोणपाट टाकायचो आणि त्याच गोणपाटावर बसून भाकरी खायचो. त्या दिवसांसारखी भूक मला पुन्हा लागली नाही.

मालक कन्नड शाळेत शिपाई होते. मराठी आणि कन्नड, दोन्ही लिप्या लिहायचे, अक्षर असं की मास्तर लोक त्यांच्याकडून फळा लिहून घ्यायचे. वस्तीतली सगळी पत्रं, सगळे अर्ज त्यांच्याच हातचे. कुणाचा मुलगा पुण्यात काय करतो, कुणाची सून माहेरी काय सांगते, सगळं त्यांना ठाऊक. पण एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही. मलाही नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "पत्र त्याचं हाय, माझं फक्त अक्षर." मला त्याचा अभिमान होता. हे मी आता लिहिते, तेव्हा बोलले नव्हते.

लेक परत आल्यावर दुसऱ्या वर्षी, विहाराची जागा कागदावर आणायची म्हणून मंडळाची नोंदणी करायचं ठरलं. नोंदणीला घटना लागते. पाच पुरुषांनी ती लिहायची आणि आतला एक शब्दही कधी बाहेर जाऊ द्यायचा नाही, अशी शपथ घेतली. कारण अगदीच खोटं नव्हतं. बाहेर कळलं तर कुणीतरी त्या जागेवर आडवा अर्ज टाकील, ही भीती होती. पाचांत मालकही होते, लिहायला त्यांनाच बसवलं. ज्याचं तोंड शिवलेलं तोच माणूस हवा होता.

महिनाभर दर रविवारी दुपारी विहाराचं दार आतून बंद. आम्ही चहा घेऊन जायचो. दार चार बोटं उघडायचं, एक हात बाहेर यायचा, किटली आत जायची. माझी जाऊ त्या फटीत तोंड घालून म्हणायची, "आत बाळंतपण चालू हाय का? पोरगा का पोरगी तेवढं तरी सांगा."

आतून हसायचे. सांगायचं मात्र कुणी नाही.

मी एकदा मालकांना म्हटलं, "दर सव्वीस जानेवारीला तुमीच सांगता, देशाची घटना छापून लोकांपुढं ठेवली होती, लोकांनी सूचना धाडल्या, मग पक्की झाली. एवढ्या मोठ्या देशाला लोकांचं भ्या न्हाई वाटलं, तुमाला चाळीस घरांचं वाटतंय?"

ते म्हणाले, "शबूद दिलाय."

एका सोमवारी अध्यक्ष तो कागद घेऊन सह्यांसाठी घरोघर फिरला. नोंदणीचं कार्यालय बंद व्हायच्या आत भालकीला पोचायचं होतं, मोटारसायकल सुरूच होती. कागद कन्नडमध्ये, कर्नाटकात कार्यालयाला तसाच लागतो. आमच्या भागात बाया कन्नड बोलतात, कन्नडमध्ये बाजार करतात, भांडतात, पण शाळा झाली ती मराठीत. मी चौथी शिकले. बसची पाटी मी अजून विचारून वाचते. कुणी काही विचारलं नाही. अक्षर माझ्या घरचं, मग विचारायचं काय? पहिली सही मी केली. माझी बघून बाकीच्या बायकांनी केल्या.

मशीन बाहेर आली त्या दिवशी मी घरी गेले. मालक जात्यावर बसले होते, जातं रिकामंच होतं.

"तुमाला ठावं होतं?"

"व्हय."

"लेक ह्यात बसत न्हाई हे लिवताना ठावं होतं?"

"मी बोललो तिथं. बाकीचे चौघं एकीकडं झाले. मग लिवलं."

"मला कामून न्हाई सांगितलं?"

 ते पुन्हा तेच म्हणाले, शब्द दिला होता. मी म्हटलं, "मलाबी दिला होता लग्नात. त्याचं काय केलं?" माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विहाराच्या अंगणात नेऊन बसवलं. घटनेची नक्कल त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आता वाचा. मराठीत, समद्या बायांपुढं." अध्यक्ष धावत आला. मालकांनी त्याच्याकडं पाहिलं, चष्मा लावला आणि पहिला नियम वाचला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी शब्द मोडला.

तीन दुपारी वाचन चाललं. एवढ्या मोकळेपणानं त्या अंगणात आम्ही पुन्हा कधी बसलो नाही. सभेची नोटीस घरातल्या कर्त्या पुरुषाला द्यावी असा नियम होता. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या घरचा कर्ता दिवसभर म्हशीमागं असतो. नोटीस म्हशीलाच द्या." विहारात तंबाखू खाऊ नये असा एक नियम होता. सगळ्या बायकांनी अध्यक्षाच्या गालाकडं पाहिलं. गालात तंबाखू होतीच. तो उठून थुंकून आला आणि परत येऊन आमच्यात बसला. तिथून त्याचा आवाज उतरला.

सहाव्या नियमावर एक दुपार गेली. शेवटी ठरलं, वस्तीत राहणारं अठरा वर्षांवरचं कुणीही सभासद. मालकांनी दुरुस्ती दोन्ही लिप्यांत लिहिली, विहाराच्या भिंतीला चिकटवली आणि पंधरा दिवस तशीच ठेवली. कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणावं. एका पोरानं शुद्धलेखनाची चूक काढली. बाकी कुणी काही म्हणालं नाही. कागद भालकीला गेला.

पण त्या पंधरा दिवसांत लेकीनं भालकीत बसस्टँडमागं खोली बघून मशीन तिथं नेली होती. मी तिथं जाऊन म्हटलं, "आता तू सभासद हायस. ये परत."

"माय, माज्याबद्दल अप्पांनी लिवलं, तू सही केलीस, मला कुणी इचारलं न्हाई. आताबी तुमीच ठरवलं. मी हितंच बरी हाय."

वडिलांशी ती बोलायची, पण पहिल्यासारखं नाही. ते दर बाजारी तिच्या दुकानापुढं जाऊन बसायचे. ती चहा पाजायची. पाच वर्षं ते असेच बसले.

मालक गेले. अध्यक्षही गेला, आणि ते बाकीचे तिघंही. सह्या करणाऱ्या बायकांपैकी मी आणि माझी जाऊ, दोघीच उरलो आहोत, म्हणून हे लिहून ठेवते. लेक भालकीत आहे, तिची पोरगी कॉलेजला जाते.