निवटी, चिंबोरी आणि हललेलं पाणी

उरणच्या खाडीवर जायचं ठरलं ते एका पाटीमुळे. मी पनवेलजवळच्या विचुंब्याचा, आठवीपर्यंत शिकलेला, पाट्या रंगवतो. ताईच्या सासरची होडी आता दर रविवारी पाहुण्यांना खाडी दाखवणार होती. तिला पाटी हवी होती: एक मासा (निवटी), एक खेकडा (चिंबोरी), खाली नावं. तिच्या सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "चुकली तर नाय लावायची."

पनवेल स्टँडवरून उरणची एसटी मिळते. सुट्टे पैसे ठेवा. जासईला कंटेनरांच्या रांगेत अडकलो. चादरीत गुंडाळलेली पाटी मी मांडीवर घट्ट धरली होती.

"नवरीचा फोटो हाय का रे?" कंडक्टर म्हणाला. अख्खी बस हसली. मी मनात पुन्हा शुद्धलेखन तपासलं. निवटी: नि ऱ्हस्व, टी दीर्घ.

उरणला पोहोचलो तर सासूबाईंनी पाटी न बघताच आधी होडीत बसवलं. ओहोटी होती (तुम्ही वेळ विचारूनच निघा, मला नशिबाने मिळाली). उघड्या चिखलात बोटाएवढ्या निवट्या डोक्यावरचे डोळे फिरवत टणाटण उड्या मारत होत्या. आणि चिंबोरी? ती पाण्याखालच्या बिळात, फक्त नांगी बाहेर. मासा असून निवटी पाण्याबाहेर, आणि पाय असून चिंबोरी आत. एकीचे काटे आत, दुसरीचं कवच बाहेर. एक उड्या मारत पळते, दुसरी तिरकी सरकून नांगी उगारते.

मला पाटी आठवली. मी निवटी निळ्या पाण्यात आणि चिंबोरी कोरड्या चिखलात रंगवली होती.

ताईच्या घरी चादर सोडली. सासूबाई बघतच राहिल्या. "डोले बरोबर काढलंस. पन निवटीला बुडवलंस की रं!"

"वहिनी, भावाला पोहायला शिकवा," ताईचा दीर म्हणाला.

मी घाबरट, म्हणून रंगाचे डबे बरोबर नेतोच. चित्रातल्या प्राण्यांना हात लावला नाही. निवटीभोवती चिखल भरला, चिंबोरीवर पाणी चढवलं. रंग वाळेपर्यंत तांदळाच्या भाकरीबरोबर चिंबोरीचं कालवण जेवलो, तेवढ्यासाठीसुद्धा जा.

"आता वाच," सासूबाई म्हणाल्या. त्यांना अक्षरओळख नाही. मी वाचलं.

घरी आलो तरी नखांतला निळा रंग निघाला नव्हता. रविवारी ताईने व्हिडिओ पाठवला. धक्क्यावर पाटी, समोर पाहुणे आणि सासूबाईंचा आवाज: "माझ्या सूनंच्या भावानी काढलंय. मोठ्यानं वाचा!"

सगळ्यांनी न अडखळता वाचलं.