झोप लागेल अशी सीट

आमचे हे आयुष्यात फारसे बसलेले नाहीत. यांचं सलून आहे. सकाळी शटर वर गेलं की संध्याकाळी खाली येईपर्यंत गिऱ्हाईक बसलेलं आणि हे उभे. त्याची सवय अशी जडली आहे की घरीही चहा उभ्याने, पेपर उभ्याने आणि माझ्याशी भांडणसुद्धा उभ्यानेच. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या फोटोत मी खुर्चीत बसले आहे आणि हे मागे उभे राहून माझ्या डोक्याकडे बघताहेत, बाजूने जरा कमी करायला हवेत असा चेहरा करून. अशा माणसावर मोटरसायकलची सीट निवडायची वेळ आली.

त्याला कारण मी. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले आणि पडले ती नेमकी माकडहाडावर. हाड मोडलं नाही, पण असं काही दुखावलं की खुर्ची दिसली तरी मला घाम फुटायचा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "कडक जागेवर अजिबात बसायचं नाही." मी त्यांना म्हटलं, तुमच्या दवाखान्यातलं बाकडं लाकडाचं आहे. ते हसले नाहीत, त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

एरवी मी काही दिवस उभ्याने काढले असते. घरात एक उभा होताच, त्याच्या शेजारी दुसरी. पण तिकडे ताई विसरायला लागली होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आमची आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच मला न्हाऊमाखू घातलं, माझ्या वेण्या घातल्या आणि वेण्या घालताना डोक्यात टपल्याही मारल्या. ती डोंगरापलीकडे मुलाकडे राहते. आधी ती चष्मा कुठे ठेवला ते विसरली, मग आपल्याला चष्मा आहे हेच विसरली, मग सुनेचं नाव विसरली. सून गुणी. दर रविवारी ती ताईला फोन लावून द्यायची. ताई विचारायची, "धाकटे, कधी येतेस?" आणि एकदा फोन आपल्याकडे घेऊन सून हळूच म्हणाली, "मावशी, जमलं तर लवकर या. अजून तुम्ही त्यांच्या लक्षात आहात." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ती मला ओळखते आहे तोवर तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण जायचं कसं? बस नदीपर्यंत जाते. पूल वाहून गेला तेव्हापासून पलीकडे नुसते दगडगोटे आणि चिखल. तिथून जाऊ शकते ती यांची मोटरसायकल. धरणावरचा एक इंजिनिअर बदली होऊन जाताना ती यांना देऊन गेला होता. डांबरी रस्त्यावर पळते, दगडाधोंड्यांतही चढते, गुडघाभर पाण्यातूनही जाते. सगळे गुण आहेत, फक्त तिच्यावर बसता येत नाही. सीट म्हणजे कपडे वाळत घालायचा बांबू बरा, इतकी अरुंद, आणि मागून पुढे उतरती. ब्रेक लागला की मी घसरत यांच्या पाठीवर. आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन बघितलं. पहिल्याच गतिरोधकावर माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी उतरून चालत घरी निघाले आणि हे मागून मोटरसायकल रांगवत, "अगं, बस ना, लोक बघताहेत," म्हणत येत राहिले.

गॅरेजवाल्याने उपाय सांगितला. "कंपनीची सीट ही दिसायला असते, वहिनी. बसायची वेगळी मिळते." त्याच्याकडे अशा सीटांचा ढीग होता. जेलची, फोमची, हवा भरायची, मेंढीच्या कातड्याची. सगळा ढीग त्याने यांच्या हवाली केला. "बसून बघा. पटेल ती ठेवा, बाकीच्या परत आणा."

बसून बघा म्हटल्यावर यांची पंचाईत झाली. "मला कसं कळणार?" हे म्हणाले. "मी कुठेही बसलो की अवघडल्यासारखंच होतं." मग दोन्ही हात मागे बांधून हे घरभर फेऱ्या मारत राहिले आणि अचानक थांबले. चेहरा उजळलेला. मला धस्स झालं. यांना कल्पना सुचली की माझ्या वाट्याला काहीतरी निस्तरणं येतंच.

यांचं म्हणणं असं. सलूनच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसतं, मानेवर मशीन फिरायला लागतं आणि खुर्ची चांगली असेल तर माणूस डुलकी काढतो. वाईट असेल तर चुळबुळ करतो आणि कानाला कात्री लागते. म्हणजे ज्या सीटवर माणूस झोपला ती सीट आरामाची. "यात शंकेला जागाच नाही," हे म्हणाले. "माझ्या उभ्या आयुष्याचा अनुभव आहे."

दुसऱ्याच दिवशी यांनी सलूनच्या खुर्चीची गादी, पाठ, हात सगळं उतरवलं. खाली राहिला तो पायाने दाबून वरखाली करायचा खांब. त्यावर मोटरसायकलची सीट बसवली. आता केस कापायला येणाऱ्याने दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, गळ्यात फडकं बांधून घ्यायचं आणि समोरच्या फळीला धरून आरशात स्वतःकडे बघायचं. पहिले आले बँकेचे मॅनेजर. मला वाटलं, चिडून जातील. ते मांड ठोकून बसले, आरशात बघून त्यांनी छाती पुढे काढली आणि तोंडाने हळूच इंजिनाचा आवाज काढला. माझ्यापर्यंत ही बातमी मॅनेजरांच्या बायकोकडूनच आली, कारण मॅनेजर घरी गेल्यावरही आवाज काढत होते.

मग काय, गावातल्या पुरुषांना दुसरा उद्योग राहिला नाही. ज्यांचे केस कालच कापले होते ते आज पुन्हा आले. ज्यांच्या डोक्यावर केसच नाहीत तेही आले आणि नुसतं पुसून द्या म्हणाले. हेडमास्तरांनी जेलच्या सीटला डावी बाजू कमी आहे म्हणून शेरा मारला. शिंपी म्हणाला, बाजू बरोबर आहे, हेडमास्तरच उजवीकडे झुकतात. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. गावात जेलवाले आणि फोमवाले असे दोन तट पडले. समोरासमोर दुकानं असलेले सख्खे भाऊ एकमेकांकडे बघेनासे झाले.

पुढे यांना वाटलं, रस्ता सपाट नसतो, तेव्हा परीक्षाही सपाट नको. म्हणून दाढी करता करता हे मध्येच खांबाचा दट्ट्या सोडायचे आणि गिऱ्हाईक धप्पकन खाली जायचं. याला यांनी नाव दिलं खड्डा. अशाच एका खड्ड्यात पोस्टमनची अर्धी मिशी गेली. पोस्टमन उठला, आरशात बघितलं आणि म्हणाला, "मिशीचं सोडा. पण मागे काहीही लागलं नाही हं." फोमवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मी घरात भिंतीला टेकून उभी. रविवार आला की फोन.

"धाकटे, कधी येतेस?"

"सीट ठरली की येते, ताई."

"कसली सीट गं?"

"मोटरसायकलची. मला कडक चालत नाही ना. यांना अजून पसंत पडत नाहीये."

ताई खो खो हसायची. "तुझा नवरा म्हणजे ना!" पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, पण हसू थोडं कमी. त्याच्या पुढच्या रविवारी तिने मला आईच्या नावाने हाक मारली आणि लगेच सावरलं. मी यांना म्हटलं, "अहो, कुठलीही एक लावा आणि निघू या." हे म्हणाले, "कुठलीही लावून तुझं हाड पुन्हा दुखावलं तर? ताईंसमोर काय तुला आडवी घालून नेऊ?" यांचं चुकत होतं असंही म्हणता येईना. काळजी माझीच होती ना. त्या काळजीचा मला इतका राग यायचा की भांडी घासताना कपाचे कान तुटायचे.

शेवटी एक सीट जिंकली. जाड, फुगीर फोमची. तिच्यावर बसलेला प्रत्येक जण झोपला. मॅनेजर तर असे झोपले की बँकेतून त्यांना बोलवायला माणूस आला आणि बाकावर वाट बघता बघता तोही झोपला. हे ती सीट गाडीवर चढवून, गाडी ढकलत घरी आले, चेहऱ्यावर विजय. मी यांच्या मागे जीव मुठीत धरून बसले. अगदी लोण्यात बसल्यासारखं वाटलं. मग मी आत जात राहिले, जात राहिले आणि तळाला खालचा पत्रा माझ्या हाडाला भेटला. माझी किंकाळी ऐकून हे दचकले, आणि तेव्हा कळलं की फोमच्या उंचीमुळे यांचे पायही जमिनीला टेकत नाहीयेत. आम्ही दोघं, गाडीसकट, सावकाश शेजाऱ्यांच्या कुंपणावर कलंडलो.

"हरकत नाही," कुंपणातून हे म्हणाले. "उद्यापासून पुन्हा पहिल्या सीटपासून सुरू करू."

त्या संध्याकाळी फोन आला. मी म्हटलं, "ताई, मी बोलतेय."

"कोण?"

"अगं, मी. धाकटी."

 मग तिकडून, "हो हो. धाकटी. ती येणारे ना?"

सकाळी मी तडक सलूनमध्ये गेले. पुरुषांचं सलून, त्याचा उंबरा मी एवढ्या वर्षांत ओलांडला नव्हता, डबासुद्धा बाहेरूनच द्यायचे. आत हेडमास्तर तोंडाला फेस लावून स्वार झालेले. "उतरा," मी म्हटलं. ते फेसासकट उतरले. बाकावरची सगळी मंडळी एकदम छताकडे बघायला लागली.

"अगं, काय करतेस?" हे म्हणाले.

"हाड कोणाचं दुखतंय?"

"तुझं."

"आणि बसवलंत कोणाला?"

 खरं सांगते, हा प्रश्न यांनाही पडला नव्हता, मॅनेजरांनाही नाही, जेलवाल्यांना नाही आणि फोमवाल्यांनाही नाही. माझ्या माकडहाडासाठी गावातले झाडून सगळे पुरुष बसून गेले होते, एक मी सोडून. आणि मीही घरात भिंतीला टेकून निकालाची वाट बघत होते, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी एकेक सीट लावायला लावली. जेल दोन मिनिटं बरं वाटलं, मग टोचलं. हवेची डुगडुगली. कातड्याने खाज सुटली. मग कोपऱ्यात पडलेली एक दिसली. रुंद, टणक, बेढब, आणि मागच्या बाजूला मध्ये खोबण. तिच्यावर बसले आणि माझं हाड त्या खोबणीत अधांतरी राहिलं. कशालाही टेकलं नाही. यांना म्हटलं, खड्डा द्या. यांनी बिचकत दट्ट्या सोडला. मी धप्पकन खाली गेले आणि किंचाळले नाही.

"हीच," मी म्हटलं.

"पण हिच्यावर कोणीच झोपलं नव्हतं," हे काकुळतीने म्हणाले.

"मला झोपायचं नाहीये. मला ताईकडे जायचंय."

त्याच दिवशी निघालो. हेडमास्तर अर्ध्या दाढीने मागे राहिले. रस्ता होता तसाच होता, पण सीटने दगा दिला नाही. मोठे दगड आले की हे पायांवर उभे राहून गाडी चालवत होते आणि इतके खूश होते की मला रागावताही येईना. उभ्याने चालवता येणारं वाहन यांना अखेर मिळालं होतं. मी मागे बसून ताईशी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. नदी ओलांडली, डोंगर ओलांडला, तिचं घर दिसलं आणि सगळं जुळवलेलं विसरले.

ताई दारात पायरीवर बसली होती. वाळली होती, पण केस व्यवस्थित विंचरलेले. तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची, वर उशी ठेवलेली. मी तिच्या पाया पडले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जसा कुणाच्याही डोक्यावरून फिरवतात तसा. मी खुर्चीकडे वळले तर तिने माझा हात धरला.

"तिथे नको, बाई. ती जागा माझ्या धाकटीची आहे. तिला कडक चालत नाही, म्हणून उशी ठेवलीये."

सून आतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून पदराने डोळे पुसायला लागली. हे अंगणात हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून उभे होते.

 मी विचारलं, "कधी येणार आहे ती?"

"सीट ठरत नाहीये त्यांची. ठरली की येणार आहे. येते म्हणाली की येते ती."

"ठरली, ताई," मी म्हटलं. "सीट ठरली. ती निघालीये."

"खरंच?" ताईचा चेहरा फुलला, लहानपणी मी शाळेतून परत येताना दिसायचा तसा. ती सुनेला म्हणाली, "ऐकलंस का? निघाली म्हणे. पण चहा आत्ताच टाकू नकोस, गार होईल. ती आली की टाक."

मग तिने सरकून मला पायरीवर आपल्या शेजारी जागा करून दिली. पायरी दगडाची होती. मी बसले. आणि आम्ही दोघी रस्त्याकडे डोळे लावून माझी वाट बघत राहिलो.