सुदामची माशांची पेटी

सुदाम गेल्याचं मला कंपनीच्या गेटवर कळलं. पहिली शिफ्ट सुटली होती, मी सायकल काढत होतो, तेवढ्यात वॉचमन म्हणाला, "राव, तुमचा टूलरूमवाला दोस्त सकाळीच गेला. छातीत कळ आली अन् खेळ संपला." तसाच पिंपळे गुरवला गेलो. पोचलो तेव्हा माणसं नदीवरून परतत होती... त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. दीड महिना झाला त्याला.

सुदाम त्याच गावचा. घरची शेती तुटपुंजी, म्हणून पिंपरीत फिटर झाला. मी त्याच कंपनीत स्टोअरला. बारा-तेरा वर्षं आम्ही डबा एकत्र खाल्ला. त्याच्या मुलीचा, शोभाचा, पाय लहानपणीच पोलिओने अधू झालेला. अकराव्या वर्षी ऑपरेशन झालं आणि पोर कमरेपासून प्लास्टरमध्ये, चार महिने खाटेवर. भिंतीकडे बघून बघून ती बोलेनाशी झाली. सुदाम मला म्हणाला, "तिच्या उशाशी मासे ठेवावं म्हणतो. कायतरी हलतं तरी दिसंल."

तेव्हा माशांच्या पेट्या लोखंडी चौकटीच्या असत, गंजायच्या आणि गळायच्या. सुदामला नुसत्या काचेची, सिलिकॉन नावाच्या रबरी डिंकाने जोडलेली हवी होती. ते सहज मिळत नसे. एका न्हाणीघराचं काम करणाऱ्या ओळखीच्या कंत्राटदाराने उरलेली ट्यूब मला दिली होती. तीच मी सुदामच्या हातात ठेवली. "घे, सिलिकॉनच आहे." ट्यूबवर काय लिहिलंय, ते मी वाचलंसुद्धा नव्हतं.

सुदामने पेटी जोडून लगेच मासे सोडले. चार दिवस शोभा हसत होती. पाचव्या दिवशी सगळे मासे उलटे होऊन तरंगले. पोरीने जेवण टाकलं. सुदाम ट्यूब घेऊन माझ्याकडे आला. बारीक इंग्रजी अक्षरं आम्ही दोघांनी मिळून लावली. बुरशी धरू नये म्हणून त्यात औषध घातलेलं होतं. न्हाणीघराच्या फटींना ते ठीक, माशांना विष. मी ट्यूब खाली ठेवली. तोच म्हणाला, "तुला तरी काय ठावं व्हतं? पोरीला सांगितलंय मी, माझीच चूक झाली म्हणून."

पुढचे तीन रविवार तो पुण्यातली दुकानं हिंडला. दुकानदार दाखवतील त्या प्रत्येक ट्यूबला त्याचा एकच प्रश्न, "यात औषध न्हाई ना?" शेवटी मासे विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याला साधं, बिनऔषधाचं सिलिकॉन दिलं आणि बजावलं, आंबूस वास पुरता जाईपर्यंत मासे सोडू नका. सुदामने जुन्या काचा टाकून नव्या कापून आणल्या, कडा स्पिरिटने पुसल्या आणि जोडलेली पेटी आठवडाभर कोरडीच ठेवली. कामावरून आला की आधी पेटीत नाक घालायचा. मग पाणी भर, दोन दिवस ठेव, ओतून दे, पुन्हा भर... शोभा विचारायची, "बाबा, आज?" "न्हाई पोरी, अजून न्हाई." प्लास्टर निघायला थोडेच दिवस उरले होते, घाई त्यालाही होती. तरी त्याने आधी दोनच मासे सोडले. ते जगले, मग बाकीचे आणले. मला बोलावणं होतं. मी गेलो नाही. जाववलंच नाही.

गेल्या आठवड्यात मात्र त्याच्या घरी गेलो. शोभा आता दहावीला आहे. रबरी नळीने पेटीतलं पाणी काढत होती. म्हणाली, "काका, ते पहिले मासे बाबांच्या चुकीने मेले ना... शेवटपर्यंत त्यांच्या जिवाला लागून होतं ते."

मग मी सांगितलं. ट्यूब कोणी आणली, कोणी वाचली नाही, सगळं. तिच्या हातातली नळी बादलीतून निसटली, पाणी फरशीवर पसरत गेलं.  तिने नळी उचलून परत बादलीत सोडली.

"बाबा दर रविवारी पाणी बदलायचे," ती म्हणाली. "मला एकटीला बादली उचलत नाही, काका. तुम्ही येत जा."