शेवटच्या पानावरचं भरीत

मी परसात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, बायकोने ठेचून भरीत केलं. आमचं शेवटचं सोबतचं जेवण तेच. पहिला घास घेऊन मी म्हणालो, "मीठ जास्त झालं." तिने जेवण उरकलं, भांडी घासली आणि वही घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. तेव्हापासून घरात वांगी आणली नाहीत.

वहीचं सांगतो. टीव्हीच्या एका मालिकेत लिहिणाऱ्यांनी सासू मारून टाकली. हिला ते पटलं नाही. हिने वहीत सासू जिवंत ठेवली आणि पुढची गोष्ट आपली आपण लिहायला घेतली. सातवी शिकलेली बाई. मी हसायचो.

"दुसऱ्याची माणसं वापरते, लाज नाही वाटत?"

ती पिंपळनेरकडची, बोलायची माहेरची अहिराणीच. "तिले त्यासनी मारं, मी नही मारं. तुमले काय करनं शे?"

असोद्यातली आमच्या शेजारची पोरगी धुळ्याला कॉलेजात शिकते. ती म्हणे, याला फॅन फिक्शन म्हणतात, माझा अभ्यास त्याच्यावरच आहे. ही गेल्यावर दोन महिन्यांनी पोरीने वही मागितली. कॉलेजात चर्चा होती, नंतर वही तिथेच ठेवायची होती. मी म्हणालो, काय बोलता ते आधी ऐकतो. एसटीने तिच्यासोबत गेलो, मागच्या बाकावर बसलो.

एक सर म्हणाले, ही उचलेगिरी आहे. एक मॅडम म्हणाल्या, बाई नुसती बघत बसली नाही, तिने उत्तर दिलं. दोघांची चांगली जुंपली. मला अर्धं कळलं नाही. मग पोरीने शेवटचं पान वाचलं. त्यात सासरा पहिला घास घेतो आणि बायकोला म्हणतो, "आज भरीत चांगलं झालं. तू पण बस."

सर म्हणाले, "बघा, मालिकेतला सासरा बंगल्यातला शेठ. हे त्याच्याशी जुळतच नाही."

मी उभा राहिलो. "कसं जुळेल साहेब? तो मी आहे. आणि मी असं म्हटलंच नव्हतं."

पोरीने वही मिटून माझ्या हातात दिली.

परतीच्या गाडीत पोरीला म्हणालो, "ते पान खोटं आहे. फाडून वही देतो."

"आबा, सासूचं मरण अक्कांनी बदललंच ना? मग तुमचं बोलणं बदललं तर काय झालं?"

पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत मी वही मांडीवर घट्ट धरून होतो.

सकाळी वही उघडली. पान फाडलं नाही. तिच्या शेवटच्या ओळीखाली जागा होती. तोवर सहीपलीकडे मी काही लिहिलं नव्हतं. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, "मीठ जास्तच होतं. पण भरीत चांगलं होतं." मग वही शेजारी नेऊन दिली.