मालकांना धरायचं नाही

सकाळपासून मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लघवी झाली नव्हती. दुपारी ओटीपोट दगडासारखं लागलं तेव्हा आमच्या कुंभारी गावाहून रिक्षा करून शहरात सात रस्ता चौकाजवळच्या एका दवाखान्यात आलो. तरुण डॉक्टर होता. पोट दाबून म्हणाला, प्रोस्टेट वाढलंय, आत्ताच्या आत्ता नळी घालावी लागेल, उशीर झाला तर किडनीवर जाईल.

पुरुषांच्या वॉर्डात दोन मामा आले. दवाखान्यातल्या कामगारांना मामाच म्हणतात. त्यांनी पडदा ओढला आणि मला बाहेर जायला सांगितलं. पुरुषांचं काम आहे, तुमच्यासमोर आजोबांना लाज वाटेल, असं म्हणाले. चांगल्या मनानंच म्हणाले. मी बाहेर आले.

लगेच आत स्टूल पडलं. मालक धोतर सावरत, भिंत धरत बाहेर आले. एका मामाला लाथ बसली होती. मालकांचे ओठ पांढरे पडले होते. मला म्हणाले, घरी चल.

"अवं, घरी जाऊन काय करताय? मरायचं हाय का?"

"मरतो. पर मला कुणी धरायचं न्हाय."

बाकावर त्यांना नीट बसवतही नव्हतं. तसेच वाकून, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. लहानपणी ते कापड विणायच्या मागाच्या कारखान्यात कामाला होते, झोपायलाही तिथंच. तिथला एक थोराड कामगार त्यांच्यावर अत्याचार करायचा आणि दुसरा त्यांचे हात धरायचा. बापाला सांगितलं तर बाप हसला आणि परत कामावर सोडून आला.

"दोगांनी दंड धरलं की मी तितंच असतो," ते म्हणाले.

आमचा संसार पन्नास वर्षांचा. आंघोळीला आतून कडी, झोपताना पाठ भिंतीला, थोरल्या मुलाला तालमीत झोपायला पाठवायचं म्हटलं की घरात भांडण. मी समजत होते, माणूस तिरसट आहे.

पण रडायची ती वेळ नव्हती. पोट आणखी ताणलं होतं. मी विचारलं, डॉक्टरला सांगू का? त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. माझ्या डोळ्यांसमोर किडनीच दिसत होती. शेवटी म्हणाले, "सांग. पर मला तितं उभा करू नको."

डॉक्टरपुढं उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. बाईच्या बाबतीत असं झालं तर सांगायला लोकांकडं शब्द असतात, कुजबुजायला का होईना. पुरुषाच्या बाबतीत मी कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. जसं कळलं तसं सांगितलं आणि म्हटलं, यांना धरू नका.

लाथ बसलेला मामा दारातच होता. म्हणाला, "आजी, पुरुषाला काय हुतंय त्यात?"

"कायच हुत न्हाई, तर मग तुला लाथ कशापायी बसली?"

डॉक्टरनं त्याला बाहेर पाठवलं. मला म्हणाला, हे आधी सांगायला हवं होतं.

"आदी मला तरी कुटं ठावं हुतं?"

मग त्यानं स्वतः नळी घातली. मी उशाशी. कुणी धरलं नाही. आता हात लावतो, आता औषध लावतो, असं प्रत्येक वेळी आधी सांगायचा. मालकांनी हात वर केला की थांबायचा. दोनदा थांबला. दुसऱ्यांदा मला वाटलं, आता हे उठून जातात. गेले नाहीत. लघवीची पिशवी भरायला लागली तेव्हा मी भिंतीला टेकले.

निघताना डॉक्टर म्हणाला, याबद्दल बोलायला माणसं असतात, पुरुषांसाठीसुद्धा, पण पुरुष येत नाहीत. मालक म्हणाले, बघू. अजून बघूच चाललंय. मी मागं लागत नाही, पण विषय मरूही देत नाही. हे लिही म्हणून त्यांनीच सांगितलं. नावं घालू नको म्हणाले. घरोघरी असा एखादा तिरसट माणूस असेल, त्याला एकदा विचारावं, आणि तो बोलला तर हसू नये, एवढंच मला म्हणायचंय.

नळी बदलायला पुन्हा गेलो. डॉक्टर तोच, पण मामा नवा. त्यानं पडदा ओढला, मला म्हणाला, आजी, बाहेर थांबा, आणि मालकांच्या दंडाला हात घातला. मी तोंड उघडणार, तोच मालक बोलले.

"ती हितंच थांबंल. आन् मला धरायचं न्हाय."

मामानं विचारलं, का ओ आजोबा?

"का, ते सांगंन की. आदी हात काढ."

त्यानं हात काढला.