सुरगाठ

महाडच्या बाजारातून घेतलेलं नवं दावं मांडीवर ठेवून ती पोलादपूरच्या एसटीत माझ्या शेजारी बसली. साठीची असावी. बस सुटताच तिने दाव्याचं टोक समोरच्या दांड्याला बांधलं, ओढून सोडलं, पुन्हा बांधलं. मग तेच डोळे मिटून.

न राहवून मी विचारलं, "मावशी, हे काय चाललंय?"

"सुरगाठ बसवते, दादा. काळोखात पन एका झटक्यात सुटाया पायजे." तिची बोटं थांबली नाहीत. "मागल्या पुरात गोठ्यात पानी शिरलं, तशी आमी मानसं टेकाडावर पळालो. म्हस खुंट्यालाच रायली. निरगाठ मारलेली मी. म्हस पोहते ओ, दादा. मीच बांधून ठेवली तिला. आता आधी दावं सोडायचं, मंग घर."

नदीकाठच्या फाट्यावर बस थांबली, तेव्हा गाठ खरंच एका झटक्यात सोडून ती उतरली.

घरी पोचलो. जिन्याखाली बांधलेला आमचा कुत्रा शेपटी हलवत उठला. मी वाकून त्याच्या साखळीची कडी उघडायला गेलो. ती गंजली होती. दोन्ही हात लावले, तरी हलेना. तो आपला माझे हात चाटत होता.